मारुती ८००चा पेट्रोलचा काटा दर पावसाळ्यात बिघडतो: टँक युनिट शोधण्याआधी काय बघायचं आणि शोधताना काय मोजायचं

आमच्याकडे बाबांची मारुती ८०० आहे, १९९७ची, कार्ब्युरेटरवाली, जीए-०१ पासिंग. आम्ही राहतो गोव्यात डिचोलीला, गाडी रोज चालते, पेडण्याला मामाकडे, म्हापशाला बाजाराला, सगळीकडे तीच. तर या गाडीचा पेट्रोलचा काटा सलग तीन पावसाळे बिघडला. तीनदा टाकी उतरवली, दोनदा टाकीतला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजणारं टँक युनिट, बदलला, आणि शेवटी मी स्वतः मल्टीमीटर घेऊन गाडीखाली शिरलो तेव्हा कळलं की पहिल्या वेळेला बदललेला ओरिजिनल फ्लोट बहुतेक चांगलाच होता. तो आता कुठल्या भंगारात गेला देव जाणे. जुन्या गाडीला हा पार्ट शोधायला किती फिरावं लागतं हे मला आता चांगलं माहीत झालंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण चांगला पार्ट फेकून डुप्लिकेट बसवण्याची पाळी दुसऱ्या कुणावर येऊ नये असं मनापासून वाटतं.

आधी त्रास काय होता ते सांगतो. पहिल्या वर्षी जूनमध्ये टाकी फुल्ल केली तरी काटा अर्ध्यावर. पेट्रोल अर्ध्यावर आलं की काटा पावच्या आसपास, आणि जरा अजून संपलं की सरळ ई वर. मेस्तने, म्हणजे मेकॅनिकने, टाकी उतरवली, नवीन फ्लोट घातला, काटा एकदम फुल्ल, सगळे खूश. पुढच्या जुलैत परत तेच. परत टाकी उतरवली, परत दुसरा फ्लोट, परत गणपतीच्या चवथीपर्यंत सगळं छान. तिसऱ्या पावसाळ्यात परत काटा खाली, तेव्हा दुसऱ्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथे फ्लोट बदलला नाही, काटा कमी दाखवतो ना मग फ्लोटची दांडी थोडी वाकवून वर घेतली, म्हणजे पेट्रोल तेवढंच पण काटा जास्त दाखवणार. गाडी परत मिळाली तेव्हा काटा मस्त वर होता.

आणि त्यानंतर डिसेंबरात आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे बेळगावला न्यायचं होतं, पहाटे साडेचारला निघालो, काटा पावच्या थोडा वर होता, म्हटलं बेळगावला पोचून भरू. साखळी गेली, केरी गेलं, चोर्ला घाट सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद. काटा पाववरच. बाहेर मिट्ट काळोख, आई मागे शाल गुंडाळून बसलेली, मोबाईलला रेंज नाही. बेळगावहून भाजी घेऊन उतरणारा एक पिकअपवाला थांबला, त्याने बघितलं, पेट्रोलच्या पाईपला हात लावला आणि म्हणाला, "भाऊ, टाकीत काही नाही तुमच्या." मी म्हटलं काटा बघा ना पाव आहे, तर तो म्हणाला, "काट्याला काय विचारता, टाकीला विचारा." त्याच्याबरोबर खाली साखळीला आलो, कॅनमधून पेट्रोल घेऊन परत वर जाईपर्यंत दोन तास गेले, ते दोन तास आई एकटी घाटात गाडीत बसून होती, ते मला आजही आठवलं की कसंतरी होतं. पेट्रोल ओतल्यावरसुद्धा गाडी लगेच सुरू होत नाही, कारण या गाड्यांचा पंप इंजिनावर असतो, मेकॅनिकल, तो पेट्रोल खेचून कार्ब्युरेटर भरेपर्यंत बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, थांबून थांबून मारा नाहीतर बॅटरी बसेल.

तर आता मुद्द्यावर येतो. हा सगळा प्रकार कसा चालतो ते एकदा समजलं की अर्धं काम होतं. टाकीत एक फ्लोट असतो, तो दांडीला लावलेला, दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी पत्री असते ती रेझिस्टन्सच्या, म्हणजे करंटला अडवणाऱ्या, पट्टीवर सरकते. हे सगळं मिळून टँक युनिट, गॅरेजमध्ये त्यालाच नुसतं फ्लोट म्हणतात. पेट्रोल वर-खाली झालं की रेझिस्टन्स बदलतो, आणि डॅशबोर्डवरच्या मीटरमधून करंट येतो तो या पट्टीतून जाऊन अर्थला, म्हणजे बॉडीला, मिळतो. रेझिस्टन्स कमी तर करंट जास्त, काटा वर. जपानी घराण्यातल्या जुन्या गाड्यांना साधारणपणे टाकी रिकामी असताना ११० ओहमच्या आसपास, अर्धी असताना ३२-३३, आणि फुल्ल असताना ३ ओहम असा हिशोब असतो. हे तीन आकडे लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

आता माझ्या गाडीचं लक्षण परत बघा, टाकी फुल्ल पण काटा अर्ध्यावर. म्हणजे मीटरला ३ ओहम दिसायला हवे होते ते ३२-३३ दिसत होते. म्हणजे मधे कुठेतरी ३० ओहम जास्तीचे घुसले होते. ते फ्लोटमध्येच असतील असं कशावरून? वायरमध्ये, कनेक्टरमध्ये, अर्थमध्ये कुठेही असू शकतात. हा प्रश्न तीन वर्षांत कुणीच विचारला नाही, मीही नाही.

लक्षणावरून बराच अंदाज येतो. काटा कायम ई वर मेलेला असेल तर सर्किट कुठेतरी तुटलंय, वायर, कनेक्टर किंवा फ्लोटच्या आतली पट्टी. काटा कायम एफ वर असेल, टाकी रिकामी असली तरी, तर मीटरपासून टाकीकडे जाणारी वायर कुठेतरी सोलून बॉडीला टेकतेय, आपल्याकडे उंदीर वायर कुरतडतात त्यामुळे हे बरंच होतं, मागची सीट काढून बघा. काटा चालताना मधेच पडतो आणि परत उठतो, तर पट्टीवर झिजलेला किंवा काळा पडलेला भाग आहे. काटा एकाच ठिकाणी, समजा अर्ध्यावर, हप्ताभर हलत नाही तर दांडी अडकलीय किंवा फ्लोट टाकीच्या आतल्या पत्र्याला घासतोय. सगळंच प्रमाणात कमी दाखवतंय आणि पावसात जास्त, तर आधी अर्थ बघा. आणि पेट्रोलबरोबर टेंपरेचरचा काटासुद्धा वेडंवाकडं दाखवायला लागला तर टाकीला हातच लावू नका, त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत दोन्ही काटे एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात, बिघाड मीटरच्या मागे असणार.

टेस्ट करायची पद्धत सांगतो, दहा मिनिटांचं काम आहे. टाकीच्या युनिटला जाणारा कनेक्टर शोधा आणि काढा. चावी ऑन करा, इंजिन सुरू करायचं नाही. काटा ई वर जायला हवा. आता मीटरकडून येणारी ती वायर एका छोट्या बल्बमधून, मीटरमध्ये असतो तसला ३-४ वॅटचा बारा व्होल्टचा, बॉडीला टेकवा. काटा हळूहळू एफ कडे सरकायला हवा. हळूहळू म्हणजे खरंच हळूहळू, हे जुने काटे आतली पट्टी तापून वाकते तसे चालतात, अर्धा-एक मिनिट द्या, उतावळेपणा करू नका. बल्ब मधे घाला असं मुद्दाम सांगतोय कारण वायर सरळ बॉडीला लावून ठेवली तर मीटरच जळायची भीती. आणि हे टाकीपासून जितकं लांब करता येईल तितकं करा, ठिणगी पडायला नको, कनेक्टर सीटखाली असेल तर दारं उघडी ठेवा आणि पेट्रोलचा वास येत असेल तर अजिबात करू नका. काटा एफ कडे गेला म्हणजे मीटर आणि तिथपर्यंतची वायर ठणठणीत, बिघाड त्याच्या पुढे.

पुढचं माप मल्टीमीटरने, आणि आमचा खरा चोर इथेच सापडला. चावी ऑफ, कनेक्टर काढलेला. मल्टीमीटरची एक लीड युनिटच्या टर्मिनलला, दुसरी युनिटच्या फ्लँजच्या, म्हणजे टाकीवर बसणाऱ्या गोल झाकणाच्या, पत्र्याला, गंज खरवडून. मला आले ४१ ओहम. मग दुसरी लीड फ्लँजवरून काढून गाडीच्या बॉडीला लावली, चांगल्या उघड्या बोल्टला. आले ७० ओहम. एवढं बघून मी तसाच गाडीखाली पडून राहिलो एक मिनिट. २९ ओहम नुसते युनिट ते बॉडी या चार बोटांच्या अंतरात! दोन्ही लीड एकमेकींना टेकवून मल्टीमीटर काय दाखवतो तेही बघून घ्या, माझा ०.४ दाखवतो, तेवढं वजा धरायचं.

झालं काय होतं की युनिटच्या अर्थची काळी वायर कधीतरी तुटली होती आणि कुणीतरी तिला नवीन लग, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं, मारून टाकी धरणाऱ्या बोल्टखाली दाबली होती, खाली रंग, वर रंग, मधे लग. त्यात आमच्याकडचा पाऊस, वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास, वर खारी हवा, आणि डिचोली-साखळीकडे खाणीच्या ट्रकांची लाल धूळ ती चिखल होऊन बोल्टात बसते. पावसाळ्यात तिथे गंज चढायचा, रेझिस्टन्स वाढायचा. आणि टाकी उतरवायची म्हणजे नेमका तोच बोल्ट काढावा लागायचा! काढताना-घालताना गंज खरवडला जायचा, लग नव्याने घट्ट व्हायचा, काटा सुधारायचा, आणि श्रेय मिळायचं नवीन फ्लोटला. तीन वर्षं हे असं चाललं. आणि तिसऱ्या वेळेला दांडी वाकवली तेव्हासुद्धा बोल्ट परत घट्ट झालाच, म्हणजे अर्थ सुधारला, वर दांडी वाकवलेली, मग काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवणारच. रिकाम्या टाकीवर पाव. घाटात आम्ही त्या वाकवलेल्या दांडीमुळे अडकलो.

अर्थ कसा करायचा तो नीट करा, एकदाच करा. युनिटच्या फ्लँजच्या स्क्रूपासून दीड स्क्वेअर एमएमची वेगळी काळी वायर ओढा, दोन्ही टोकांना रिंगचा लग, चांगला क्रिंप केलेला, म्हणजे पकडीने दाबून बसवलेला, वर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी, नळी. दुसरं टोक टाकीच्या बोल्टला नाही तर बॉडीवर स्वतंत्र जागी, रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत, दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट, आणि घट्ट केल्यावर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीनचा जाड थर. ग्रीस आधी लावून मग लग दाबू नका, आधी लोखंडाला लोखंड भेटू द्या. क्रिंप आणि सोल्डरिंग जे काय ते घरात टेबलावर करून आणा, टाकीजवळ सोल्डरिंग आयर्न न्यायचं नाही. मी हे केल्यावर फ्लँज ते बॉडी माप आलं ०.१.

अर्थ झाला, पण वाकवलेल्या दांडीचं आणि त्या डुप्लिकेट युनिटचं काय? बाहेर काढून बघितलं तर दांडी हळू हलवताना मल्टीमीटरचा आकडा ६०च्या आसपास एकदम गायब व्हायचा आणि परत यायचा, पट्टीला तिथे चरा पडलेला. म्हणजे आता खरंच नवीन युनिट लागणार होतं.

इथे थांबून टाकीबद्दल एक गोष्ट, ही गंभीरपणे घ्या. युनिट काढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, टाकीत पेट्रोल जितकं कमी तितकं बरं, काम उघड्यावर करा, गॅरेजच्या खड्ड्यात नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचून राहते, आणि पेट्रोलला पेट घ्यायला उन्हाळा लागत नाही, शून्याखाली ४० डिग्रीलाही त्याची पेटणारी वाफ निघते. हातबत्तीचा बल्ब नको, बिडी-सिगारेट ओढणारा माणूस आसपास नको. स्क्रू गंजलेले असतील तर छिन्नी-हातोडा मारून ठिणग्या काढू नका, गंज सोडवायचं तेल आदल्या रात्री मारून ठेवा. आणि युनिट काढण्याआधी ब्रशने वरची माती साफ करा, नाहीतर सगळी लाल माती टाकीत जाईल आणि पुढच्या आठवड्यात कार्ब्युरेटर उघडावा लागेल.

बरं, काढलेलं जुनं युनिट फेकण्याआधी ते वाचतं का बघा. पट्टी नुसती काळी पडली असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पेन्सिलचा खोडरबर, बास. पॉलिश पेपर मारू नका, पट्टीचा थर निघून जातो आणि मग रेझिस्टन्सचे आकडेच बदलतात. पत्री सैल पडली असेल तर तिला अगदी हलका दाब द्या, आणि चरा बारीक असेल तर पत्री केसभर बाजूला वाकवून ताज्या भागावर चालवता येते. फ्लोट पितळेचा असेल तर कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल बुडबुडत असेल तर भोक पडलंय, गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे दिसतात. अशा फ्लोटला घाईने सोल्डर मारू नका, आत पेट्रोलची वाफ असते, फुटू शकतो. काळा फोमचा किंवा प्लास्टिकचा फ्लोट पेट्रोल पिऊन जड झाला असेल तर तो अर्धवट बुडूनच तरंगतो, काटा कायम थोडा कमी. आता पंपावर २० टक्के इथेनॉल घातलेलंच पेट्रोल मिळतं, १९९७च्या गाडीचं रबर, गॅस्केट, फ्लोट हे त्या हिशोबाने बनवलेलं नव्हतं, शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात टाकी जवळजवळ रिकामी ठेवून गाडी आठवडे उभी करू नका, टाकी आतून गंजते.

आता शोधाशोध. पहिली गोष्ट म्हणजे दुकानात नाव काय सांगायचं. सेंडर हे त्याचं इंग्रजी नाव, पण ते म्हटलं तर अर्ध्या काउंटरवर समजत नाही, "टाकीचा फ्लोट" किंवा "टँक युनिट" म्हणा, आणि लगेच पुढे "कार्ब्युरेटरवाली" असं सांगा. हे सांगितलं नाही तर इंजेक्शनवाल्या गाडीचं दाखवतात, त्यात पेट्रोलचा पंपच टाकीत असतो, सगळा डबाच वेगळा, आपल्या टाकीत बसणारच नाही. मारुती ८०० निघाली १९८३ला आणि बंद झाली २०१४ला, तीस वर्षांत आतलं कितीतरी बदललं, म्हणून नुसतं "८००चा द्या" हे पुरेसं नाही, साल सांगा, आणि जुनं युनिट हातात घेऊन जा. फ्लँजवर किंवा पत्र्यावर पार्ट नंबर ठोकलेला असतो, गंजाखाली असेल तर ओल्या फडक्याने पुसून मोबाईलची लाईट आडवी धरली की वाचता येतो.

मी आधी कंपनीच्या काउंटरवर गेलो, नंबर दिला, कॉम्प्युटरवर बघून म्हणाले स्टॉक नाही, ऑर्डर टाकतो पण येईल असं सांगत नाही. तरीसुद्धा तिथे जायचा फायदा हा की जुना नंबर बंद होऊन त्याच्या जागी दुसरा नंबर आला असेल तर तो तिथेच कळतो, तो लिहून आणा.

मग म्हापशाला. एका दुकानात दोन खोकी निघाली, दोन्ही "सेम टू सेम". मी मल्टीमीटर खिशात घेऊनच गेलो होतो, काउंटरवरच दांडी खाली सोडून मोजलं, मग वर उचलून मोजलं. दुकानदाराला आधी आवडलं नाही, मग त्यालाच मजा वाटायला लागली, त्याने आतून अजून एक खोकं आणलं. पहिलं निघालं वर १० आणि खाली १८०. दुसऱ्याचं दांडीला काय ते उलटंच, खाली शून्याजवळ आणि वर ९०. हे उलटं प्रकरण फार वाईट, टाकी रिकामी होत जाईल तसा काटा फुल्लकडे जाईल. जगात असे वेगवेगळे हिशोब आहेत, अमेरिकन जनरल मोटर्सच्या गाड्यांचा रिकामी शून्य आणि फुल्ल ९०, जुन्या फोर्डचा रिकामी ७३ आणि फुल्ल १०, युरोपातल्या व्हीडीओ कंपनीच्या मीटरांचा रिकामी १० आणि फुल्ल १८०. दिसायला सगळे सारखे, एक गोल फ्लँज आणि एक दांडी. म्हणून फिटिंग बसलं म्हणजे पार्ट बसला असं नाही, आधी दोन टोकांचे ओहम आणि त्यांची दिशा जुळवा, भोकं नंतर. तिसऱ्या खोक्यातलं मापात बरोबर होतं, ४ ते १०८, पण दांडी दोन बोटं लांब.

त्या पहिल्या खोक्यासारखं वर १० आणि खाली १८० वालंच मिळत असेल आणि दुसरा इलाज नसेल तर एक जुगाड चालतो, तो पूर्ण सांगतो म्हणजे कुणी अर्धवट करणार नाही. युनिटला समांतर २७० ओहमचा रेझिस्टर लावायचा, दोन वॅटचा, म्हणजे रिकाम्या टाकीला १८०चे १०८ होतात, आपल्या ११०च्या अगदी जवळ. फुल्लला १०चे साडेनऊ-पावणेदहा राहतात, काटा एफच्या जरा खाली थांबेल, चालतं. पण मधला भाग जुळत नाही. अर्ध्या टाकीला ते युनिट ८५-९०च्या आसपास असेल तर रेझिस्टर धरून ६५च्या पुढे भरतं, आणि आपल्या मीटरला अर्ध्यासाठी ३२ लागतात, म्हणजे अर्धी टाकी असताना काटा पावकडे दिसेल. खोटं आहे पण सावधगिरीच्या बाजूचं खोटं, माणूस घाटात अडकणार नाही. रेझिस्टर मीटरच्या मागे बसवा, तापतो, टाकीजवळ नको.

मला ते करायचं नव्हतं. बाबांची गाडी आहे, काटा खरंच सांगायला हवा. मग फोन सुरू केले. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसकडची स्पेअर पार्टची दुकानं, भंगारासाठी कुर्ला, दिल्लीला काश्मिरी गेट, हे सगळे जुन्या पार्टांचे जागते बाजार आहेत आणि आता व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला की उत्तर येतं. फक्त मागताना नीट मागा: युनिट स्टीलच्या पट्टीशेजारी ठेवून वरून आणि बाजूने फोटो, आणि मल्टीमीटर लावून दांडी खालून वर हळू नेतानाचा व्हिडिओ. जो माणूस हा व्हिडिओ पाठवायला तयार होतो त्याच्याकडून घ्या. व्हिडिओत आकडा एकसारखा सरकायला हवा, मधे उडी नको. आणि माझ्या अनुभवात पंचवीस वर्षं पडून राहिलेलं नवंकोरं युनिट आणि स्क्रॅप गाडीतलं ओरिजिनल यात मी दुसऱ्यालाही कमी मानत नाही, पट्टी चांगली असेल तर.

माझं मिळालं शेवटी बेळगावला. आईला परत डॉक्टरकडे नेलं होतं, ती आत असताना मी एका भंगारवाल्याकडे गेलो, तिथे तीन ८०० उभ्या होत्या, त्यातल्या एकीची टाकी आधीच उतरवलेली. युनिटचा फ्लँज गंजून पापुद्रे निघत होते पण पट्टी आत स्वच्छ, मापं ३.६ आणि १०९. साडेतीनशे रुपये दिले. घरी येऊन पट्टी आणि दांडी त्याची, फ्लँज माझा, असं जोडलं, कारण माझा फ्लँज चांगला होता. दोन रिव्हेट ड्रिल करून काढावे लागले आणि परत छोट्या स्क्रूने बसवले, त्याआधी सगळं दोन दिवस उन्हात वाळवलं. असं करताना पट्टीची मूळ जागा आणि कोन आधी फोटो काढून, स्केचपेनने खूण करून ठेवा, दोन मिलीमीटर इकडेतिकडे झालं तर पाव टाकीचा फरक पडतो. म्हापशाच्या त्या तिसऱ्या खोक्यातलंसुद्धा असंच वापरता आलं असतं, नवी पट्टी आणि जुनी दांडी.

बसवताना अजून दोन-तीन गोष्टी. फ्लँजची भोकं बऱ्याचदा मुद्दाम असमान अंतरावर असतात, म्हणजे युनिट एकाच दिशेने बसावं म्हणून, तेव्हा जबरदस्तीने फिरवून बसवू नका, फ्लोट टाकीच्या भिंतीला टेकेल. आत सोडताना दांडी वाकडी होत नाही ना बघा, तिरकी करून, फ्लोट आधी. गॅस्केट नवीनच घाला, बुचाचं जुनं परत वापरू नका, नायट्राईल रबराचं किंवा त्याहून चांगलं म्हणजे व्हिटॉन रबराचं मिळालं तर घ्या, आणि स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. साधा सिलिकॉन फासू नका, पेट्रोलमध्ये फुगून सुटतो आणि त्याचे तुकडे थेट फिल्टरमध्ये.

टाकी वर चढवण्याआधी कनेक्टर आणि अर्थ जोडून, युनिट बाहेरच असताना, टाकीपासून लांब आणि पूर्ण कोरडं, चावी ऑन करून दांडी हाताने खाली-वर करा आणि कुणाला तरी काट्याकडे बघायला बसवा. आमच्याकडे बाबा बसले होते. मी खालून विचारायचो, "आता?" ते म्हणायचे, "थांब, येतोय... पाव... अर्ध्याला आला... जरा थांब रे, घाई करू नको."

शेवटी खरा हिशोब पंपावर. टाकी जवळजवळ रिकामी असताना गेलो, ५ लिटर घालायला सांगितलं, गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं थांबून काटा कागदावर काढला, परत ५, परत काटा. पंपावरच्या मुलाला सकाळच्या गर्दी नसलेल्या वेळी विचारलं तर तो करतो, मला तर त्याने स्वतःहून हवा भरून दिली. पाचव्या खेपेला काटा एफच्या रेषेला खालून टेकला. ५ लिटरला काटा ई आणि पावच्या बरोबर मधे येतो, हे आता मला माहीत आहे, आणि काटा तिथे आला की मी भरतो. तो कागद डॅशबोर्डच्या खणात आरसी बुकाबरोबर ठेवलाय. थोडा फरक आला असता तर दांडी फ्लोटजवळ किंचित वाकवून सुधारता आला असता, पण ते सगळ्यात शेवटी, अर्थ मोजल्यानंतरच, आधी कधीच नाही.

टाकी फुल्ल करून रात्रभर गाडी उभी ठेवली, सकाळी गॅस्केटच्या कडेने बोट फिरवलं, कोरडं होतं, वास नव्हता. त्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेला. ऑगस्टमध्ये भर पावसात गाडीखाली शिरून फ्लँज ते बॉडी परत मोजलं, ०.२.